शकुनबाईच्या अंगणातलं वाकडं कोडं

अड्याळच्या बाजारचौकातून आत वळलं की शकुनबाईचं घर विचारावं लागत नाही. सकाळची वेळ असली तर तिच्या कुंपणाशी चारदोन माणसं माना वाकड्या करून भुईकडे पाहत उभी असतात. एकाच्या हातात दुधाची कॅन, एकीच्या हातात फुलांची परडी. कोणी म्हणतं, "हे नाही बसत." दुसरा म्हणतो, "बसते, उलटं करून पाहा." नवखा माणूस समजतो, कोणाची तरी अंगठी हरवली. हरवलेला असतो तो शब्द, आणि तो सापडेपर्यंत कोणी हलत नाही.

सारवलेल्या अंगणावर शकुनबाई रोज पेपरातलं शब्दकोडं मांडते. पेपरात बोटभर असतं, ते तिच्या अंगणात खाटेएवढं होतं. भिंती पोतारायची पांढरी माती, आमच्याकडे तिला छुई म्हणतात, ती कालवून शकुनबाई रेघा ओढते. पेपरात जी घरं काळी असतात, तिथं चुलीतल्या कोळशाची पूड पसरते. मग पाटावर बसून प्रश्न वाचते, तेही मोठ्याने, म्हणजे कुंपणाबाहेरच्यांना ऐकू जावं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर पेपर तिचा नाही. पेपर चौकातल्या किराणा दुकानवाल्या मारोतरावांचा. पहिल्या बसने नागपूरचा पेपर येतो, मारोतराव वरवर बातम्या पाहतात आणि आंघोळीला, पूजेला जातात. तेवढ्या वेळापुरता पेपर शकुनबाईचा. पण त्यावर रेघ उमटता कामा नये, कारण दुपारी गिऱ्हाईक नसताना मारोतराव स्वतः तेच कोडं पेनाने सोडवतात आणि त्यांना दुसऱ्याचं अक्षर दिसलेलं खपत नाही.

"पेन्सिलनं लिहून खोडलं तं?" तिने एकदा विचारलं होतं.

"खोडलेलं मले दिसते, शकुनबाई. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण अक्कल शाबूत आहे."

तेव्हापासून कोडं भुईवर आलं.

शकुनबाई सातवी शिकलेली. पुढे शाळा होती, पण घरात धाकटी भावंडं होती, आणि मग लग्न. नवरा तेजराम, चांगला माणूस, रोवणीच्या दिवसांत बायकोच्या बरोबरीने चिखलात उभा राहणारा. तो एकदा बाजारातून कागदात गुंडाळून शेंगदाणे घेऊन आला. दाणे खाऊन झाले आणि कागदावर चौकटी दिसल्या. प्रश्न होता: गरीब उलटला, वाहू लागला. अक्षरं दोन. शकुनबाई भांडी घासताना तेच घोळवत बसली. गरीब कसा वाहील? पुरात? मग एकदम तिच्या हातातून तांब्या सुटला. गरीब म्हणजे दीन. दीन उलटा केला की नदी! ती एकटीच हसली. तेजराम म्हणाला, "काय झालं वं, दाण्यात भांगेची बुटी होती काय?"

त्या कागदाच्या तळाशी छापलं होतं, उत्तर उद्याच्या अंकात. आता शेंगदाण्याच्या कागदाचा उद्याचा अंक कुठून आणायचा? तेजरामने पुढच्या बाजारी दाणेवाल्याला तोच पेपर मागितला, आणि दाणेवाला बरेच दिवस त्याला पाहिलं की हसायचा. तेजराम आता नाही. पण त्याने बाजारात जाऊन मागितलेला तो 'उद्याचा अंक' शकुनबाईला आठवतो आणि तिचा चेहरा उजळतो.

पेपरात दोन कोडी येतात. एक सरळ, त्यात 'सूर्य' विचारलं की 'रवी' लिहायचं. ते मारोतरावांच्या नातवंडांसाठी. दुसरं गूढ कोडं, त्याला गल्लीत वाकडं कोडं म्हणतात. त्यात प्रश्न बोलतो एक आणि त्याच्या मनात असतं दुसरं. 'आईपाशी गुप्तहेर राहतो, बायकांना तिथंच जावंसं वाटतं', तर उत्तर माहेर: मा आणि पुढे हेर. शकुनबाईला वाटतं, देवाचंही असंच असावं. सरळ तो काही सांगत नाही, पण खोटं एक अक्षर सांगत नाही. तुळशीला पाणी घातल्यावर हात जोडून ती एवढंच म्हणते, "बापा, आज लवकर उकलू दे," आणि ते कोड्याबद्दल की दिवसाबद्दल, हे तिचं तिलाही सांगता येणार नाही.

हळूहळू अंगणाचे कायदे तयार झाले. पक्कं उत्तर छुईने लिहायचं. मनात शंका असली तर हळदीने, कारण हळद फुंकली की जाते. जिथं गाडी अडली त्या घरात दारच्या झाडाचं एक लिंबू ठेवायचं, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला कळतं की इथं मदत पाहिजे. आणि उत्तरात देवाचं नाव आलं तर ते भुईवर लिहायचंच नाही, पायाखाली येतं. त्या घरांत फुलं ठेवायची.

हे सगळं गल्लीला इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात पाहण्यासारखं काही आहे, असं कोणाला वाटत नव्हतं. दूध घालणारा डोमा कॅन खाली ठेवायच्या आधी लिंबू कुठं आहे ते बघायचा. शेजारची बायजाबाई देवळात निघालेली असायची आणि दोन शब्द तरी सुटल्याशिवाय देवळात पोचायची नाही. "देव काही उठून जात नाही," ती म्हणायची, "मारोतराव मातर पेपर घेऊन जातेत."

असं चाललेलं असताना नात खुशबूचं लग्न निघालं.

स्थळ शहापूरचं. मुलगा कुलदीप, वडिलांचं कापडाचं दुकान. पाहुणे गुरुवारी येणार होते. घरात सगळ्यांना वाटत होतं की ओळखीतून स्थळ आलं. खरी गोष्ट एकट्या शकुनबाईला माहीत होती. खुशबू आणि कुलदीप भंडाऱ्याच्या कॉलेजात एकाच वर्गात होते, आणि स्थळ 'ओळखीतून' आणायची तजवीज त्या दोघांनीच केली होती.

"आजी, पोरगा तं हो म्हणूनच आहे," खुशबू बुधवारी तिच्या केसांना तेल लावताना म्हणाली. "त्याचे बाबाही काही बोलत नाहीत. पण त्याची मोठी आत्या आहे ना, सुलोचनाबाई, त्यांच्याच घरी राहते. ती नाही म्हणली का सगळं नाही. मागचं एक स्थळ तिनं उंबऱ्यावरूनच परत नेलं म्हणे."

"काहून?"

"दारात मांजर आडवं गेलं."

"आपल्या इथं मांजर नाही," शकुनबाई म्हणाली.

"आजी, मी खरंच सांगते. मले इथंच जायचं आहे." खुशबूचे हात थांबले होते. शकुनबाईने मागे वळून न पाहता तिचा हात धरला. एवढी मोठी पोरगी, कॉलेजात पहिल्या वर्गात पास झालेली, आणि तिचा हात गार पडला होता.

संध्याकाळी मुलगा कैलाश हुकूम सोडून गेला. "माय, उद्या आंगनात कोडं-बिडं मांडजो नको. रांगोळी काढ चांगली. पाहुणे गोसीखुर्दला धरण पाहाले जाऊन राहिले, तिथं त्यांचे नातेवाईक आहेत. परतताना दुपारी आपल्याकडे येतीन."

"दुपारी ना? मंग सकाळी—"

"माय!"

"मांडून पुसून टाकते रे बापा. नऊ वाजता आंगन आरशासारखं करून देते."

कैलाशने कपाळावर हात मारला. पण आई शब्दाची पक्की आहे हे त्यालाही माहीत होतं.

गुरुवारी सकाळी सगळं भराभर चाललं होतं. सून रिता स्वयंपाकघरात घाण्याच्या तेलाची कढई चढवून बसली होती. शकुनबाईने रेघा ओढल्या, कोळसा भरला. आडवा पहिला प्रश्न होता: 'मरा' म्हणा, उलटं ऐकणारा तारेल. तो तर बायजाबाईने देवळाच्या वाटेवरूनच ओरडून सोडवला. राम. दोन घरांत झेंडूची फुलं पडली. एकामागून एक शब्द बसत गेले. दोन-तीन ठिकाणी हळद होती. आणि मधोमध, ऐन काळजात, दोन घरं रिकामी राहिली.

बाजी उलटली, मधोमध भोक पडलं. अक्षरं दोन.

"बाज उलटली तं भोक पडतेच," डोमा म्हणाला. "माझ्या घरची काल उलटली. बायको खाली होती."

"बाज नाही रे, बाजी."

"बाजी म्हणून माझा मामा होता."

"त्याले भोक होतं का?"

"डोक्यात होतं थोडं."

शकुनबाईने लिंबू ठेवलं. एकाने भागेना म्हणून दुसऱ्या घरातही ठेवलं. डोमा पुढची घरं करून येतो म्हणून गेला, बायजाबाई देवळात गेली. शकुनबाईने घड्याळ पाहिलं, शेणाची बादली आणि खराटा जवळ आणून ठेवला, आणि म्हणाली, एक शेवटचा विचार करते आणि पुसते. ती पाटावर बसली. आतून तळणाचा वास येत होता, चांगला खमंग, पण तिचं लक्ष कुठं होतं!

तेवढ्यात गल्लीत गाडी थांबली.

पाहुणे गोसीखुर्दला गेलेच नव्हते. भंडाऱ्याहून येताना अड्याळ आधी लागतं, धरण नंतर. सुलोचनाबाई गाडीतच म्हणाल्या होत्या, "आधी पोरगी पाहू. धरण कुठं पळून चाललं?"

फाटक उघडलं. पुढे सुलोचनाबाई. ठसठशीत कुंकू, डाळिंबी रंगाचं लुगडं, हातात पिशवी. मागे कुलदीप आणि त्याचे वडील. सुलोचनाबाईंनी एक पाय उचलला, अंगणाकडे पाहिलं, आणि पाय होता तिथं परत ठेवला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "एकही जण आत पाय टाकू नका."

शकुनबाईने त्यांच्या नजरेने आपल्या अंगणाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं. काळ्या-पांढऱ्या चौकटी. चौकटींत अक्षरं. कोळसा. हळद. झेंडूची फुलं. मधोमध दोन लिंबं. आणि शेजारी पाटावर पांढऱ्या लुगड्यातली एक बाई, स्वतःशी पुटपुटत बसलेली.

"या ना जी, या," ती गडबडीने उठली. "हे कोडं होय. पेपरातलं."

"पेपरातलं कोडं पेपरात राहते," सुलोचनाबाई म्हणाल्या. "भुईवर कायले येईन?"

"पेपर आमचा नाही ना जी, म्हणून—"

"अन् लिंबं? तेही पेपरातूनच पडले काय?"

"ते अडलं म्हणून ठेवले."

"कोणाचं अडलं? कोणाचं अडवून राहिले तुम्ही?"

कैलाश आतून धावत आला, अंगण पाहिलं, आईकडे पाहिलं आणि बादली उचलली. "पाणी टाकून देतो, पाहुणे, दोन मिनिटांत—"

"पुसू नका!" सुलोचनाबाईंचा आवाज चढला. "पुसलं का पुसणाऱ्याच्या नाही, पाहणाऱ्याच्या अंगावर येते. आमच्या दारात एकदा असंच लिंबू पडलं होतं. आठवड्यात म्हैस गेली. दुभती."

कैलाश बादली धरून तसाच उभा. कुलदीपचे वडील चपलेकडे पाहत होते. कुलदीप तोंड उघडायचा आणि मिटायचा, पुन्हा उघडायचा. दाराच्या फटीत शकुनबाईला खुशबूच्या साडीचा काठ दिसला, हिरवा. तो काठ अजिबात हलत नव्हता. आपण एका शब्दापायी पोरीचं घर मोडतो आहोत, हे तिला त्या न हलणाऱ्या काठाने सांगितलं.

मग ती बोलायची थांबली. समजावून कोणाची भीती जात नाही, हे तिला लेकरं वाढवून माहीत होतं. ती सरळ कोड्यात शिरली, अनवाणी, रेघा मोडत मधोमध गेली, दोन्ही लिंबं उचलली आणि हाक मारली, "रिता, चाकू आण वं. अन् साखर."

सगळ्यांच्या देखत तिने लिंबं कापली, तांब्यातल्या पाण्यात पिळली, साखर घातली, चमच्याने ढवळली. देवाचं नाव घेऊन अर्धा पेला एका घोटात प्यायली. आंबट होतं, तिचा एक डोळा मिटला.

"करणीचं लिंबू कोणी पिते का, बाई? माझ्या नातीच्या दारात मी वाईट मांडीन का?" ती म्हणाली. "माझी चूक एवढीच का मले वेळेवर उठता येत नाही. शब्द अडला का मी बसूनच राहते. त्याची शिक्षा मले द्या. पोरीले देऊ नका."

सुलोचनाबाईंनी फाटकावरचा हात काढला नाही.

आणि मग गल्लीची वेळ झाली. पाहुण्यांचं कोणाला काय माहीत! डोमा रिकामी कॅन वाजवत आला, पाहुण्यांच्या मधून वाट काढत थेट चौकटीपाशी. "काकू, बाजी म्हणजे घोडा असन! मास्तर म्हणे घोड्याले वाजी म्हणतेत. लिंबू कोठी गेलं?" त्याच्या मागून बायजाबाई, कपाळाला बुक्का, हातात प्रसाद. "शकुन, मी देवळात विचार केला, बांगडी! बांगडीच्या मधात भोक राहते!" "अक्षरं दोन आहेत वं," डोमा म्हणाला. "बां अन् गडी," बायजाबाई म्हणाली. "गडी एक अक्षर होते का?" "तुह्यासारखा गडी असला तं अर्धच होते."

आणि सगळ्यांत शेवटी मारोतराव. आंघोळ झालेली, अंगावर नुसता पंचा आणि जानवं, गंध ओलं. ते चौकातून तणतणतच आले होते. "शकुनबाई! माझा पेपर! पूजा होऊन दोन आरत्या झाल्या, पेपराचा पत्ता नाही! तिकडं उत्तर माझ्या डोक्यात तयार आहे अन् इकडं—" मग त्यांना गाडी दिसली, पाहुणे दिसले, आपला पंचा दिसला. ते लिंबाच्या झाडामागे गेले आणि तिथून म्हणाले, "नमस्कार."

सुलोचनाबाईंच्या ओठांच्या कडा हलल्या. पण त्या सहजी हरणाऱ्या नव्हत्या. "सगळी गल्लीच सामील दिसते," त्या म्हणाल्या. "हळद कायची, सांगा. मले अजून त्या हळदीचं कळलं नाही."

"आत्या, हळद म्हणजे कच्चं उत्तर," कुलदीप एका दमात बोलून गेला. "फुंकलं का जाते. फुलं म्हणजे देवाचं नाव. अन् लिंबू म्हणजे अडलेलं घर, मदत पाहिजे म्हणून. काल तं तीन लिंबं होते."

आत कढईत काहीतरी चुरचुरलं.

सुलोचनाबाई सावकाश वळल्या. "काल तीन होते?"

कुलदीपचे कान लाल झाले.

"तू काल इथं होता?"

"नाही आत्या. फोटो... मोबाइलवर येते. रोज." तो आणखी काही बोलणार होता, पण बोललं तितकं पुरेसं होतं.

"कोण पाठवते?"

कैलाशने बादली खाली ठेवली. शकुनबाईने पेला तोंडाशी नेला, त्यात काही उरलं नव्हतं तरी. मग दार उघडलं आणि खुशबू स्वतःच बाहेर आली, हिरव्या साडीत, हातात फराळाची ताटली घेऊन, मान खाली पण पाऊल न अडखळता. "मी पाठवते, आत्याबाई," ती म्हणाली. "कॉलेजापासून. त्यांना काही सुटत नाही. मीच सांगते उत्तरं."

"त्यांना काही सुटत नाही," सुलोचनाबाईंनी शब्द न् शब्द परत म्हटला आणि भाच्याकडे पाहिलं. "अन् मले सांगितलं, आत्या, पोरगी कोण, कशी, मले काहीच माहीत नाही, तूच पाहून ठरव. मी रात्रीचं डोकं धुऊन, नवं लुगडं नेसून आली. अरे, तुमचं ठरलं होतं तं मले पाहाले कायले आणलं रे?"

"तू नाही म्हणू नये म्हणून," कुलदीप म्हणाला.

आधी डोमाला हसू फुटलं. त्याने ते कॅनमध्ये तोंड घालून दाबलं, त्यामुळे जास्तच घुमलं. मग बायजाबाई. मग झाडामागून मारोतराव. आणि मग सुलोचनाबाई स्वतः, फाटकाला धरून, इतक्या हसल्या की त्यांच्या भावाने पुढे होऊन त्यांची पिशवी धरली. हसता हसता त्यांची नजर खुशबूच्या हातातल्या ताटलीवर गेली आणि तिथंच राहिली.

"काय म्हणत होते तुम्ही? काय उलटलं?" त्यांनी विचारलं.

"बाजी जी. बाजी उलटली, मधोमध भोक पडलं."

"बाजी म्हणजे डाव. आमचे बाबा पत्त्यांत बसत ना, रोजचं होतं. बाजी हरलो, डाव हरलो, एकच गोष्ट." त्यांनी ताटलीकडे बोट केलं. उडदाच्या वड्यांची रास होती, गरम, प्रत्येकाच्या मधोमध बोटाचं भोक. "अन् डाव उलटा केला का काय होते? सकाळपासून तुमच्या घरात तळून राहिले, वास गल्लीच्या तोंडापर्यंत आहे, अन् तुम्ही घोडे शोधून राहिले!"

"वडा!" शकुनबाई ओरडली. तिने दोन्ही हात कपाळाला लावले. "माय वं! माझ्या नाकाखाली!"

"मी हेच सांगत होतो," मारोतराव झाडामागून म्हणाले. कोणी विश्वास ठेवला नाही.

शकुनबाईने छुईची वाटी उचलली आणि फाटकाकडे गेली. "उत्तर तुमचं आहे. तुम्हीच लिवा."

सुलोचनाबाईंनी वाटीकडे पाहिलं. मग त्यांनी चपला काढल्या, वाकून भुईला हात लावला, तो हात कपाळाला लावला, आणि आत आल्या. रेघांवर पाय पडणार नाही अशा, एकेक चौकट सांभाळत मधोमध पोचल्या. बोट छुईत बुडवून त्यांनी 'व' काढला, थोडा वाकडा. 'डा' काढताना जीभ दाताखाली धरली. मग मागे सरून, मान वाकडी करून पाहिलं, अगदी गल्लीतल्यांसारखं.

"बसला," त्या म्हणाल्या.

"बसला," शकुनबाई म्हणाली.

"पोरगी मले पसंत आहे," सुलोचनाबाई म्हणाल्या. "पण एक सांगून ठेवते. माझ्या भाच्याले उत्तरं सांगणं बंद. त्याले स्वतः सोडवू दे, मग कितीही दिवस लागो. अन् रोजचा तो फोटो मले दाखवायचा. मोबाइल त्याच्याजवळ राहते, मले काही कळतच नाही घरात काय चाललं ते."

खुशबूने ताटली आत्याबाईंच्या पुढे धरली आणि वाकून पाया पडली. उठली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि दात दिसत होते. कैलाशने कोळशाच्या काळ्या घरात उभं राहूनच व्याह्यांना मिठी मारली. अंगण त्या दिवशी पुसलंच नाही. पाहुणे चौकटींच्या कडेने बसून वडे खात होते, मारोतराव सदरा घालून परत आले होते, आणि राहिलेल्या हळदीच्या शब्दांवर सुलोचनाबाई आणि बायजाबाई यांचं असं जुंपलं की चहा दोनदा गार झाला.

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, पौषाच्या आधीच उरकायचं ठरलं. पण दोघी विहिणींनी तेवढी वाट पाहिली नाही. शहापूर पडलं हमरस्त्यावर. तिथं नागपूरचा पेपर अड्याळपेक्षा कितीतरी आधी पोचतो. सुलोचनाबाईंनी दुसऱ्या दिवसापासून घरी पेपर लावला. आता शकुनबाई सडा टाकत असते, बस यायची असते, मारोतराव दुकानाच्या पायरीवर वाट पाहत असतात, आणि घरात फोन वाजतो.

"इहिणबाई," पलीकडून आवाज येतो, "आज आडवा सातवा तं लय सोपा आहे—"

"सांगू नका!" शकुनबाई खराटा टाकून ओरडते. "सांगू नका म्हटलं ना! आमचा पेपर आला नाही अजून!"

"नाही सांगत जी. फक्त पहिलं अक्षर सांगते."

शकुनबाई एका हाताने एक कान दाबते, दुसरा कान फोनला असतोच. फोन मात्र ती ठेवत नाही.